कापसाचा बाजार आणि लहान शेतकऱ्याचें घर

अमुक पेठेंत कापसाला अमुक भाव आला, अशी बातमी वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यांत छापलेली असते. शहरांतील वाचकाला ती कोरडी वाटते, व्यापाऱ्याला ती पुरेशी वाटते. परंतु ज्याच्या शेतांत तो कापूस पिकला त्याच्या घराचें त्या बातमीवरून कांहींच कळत नाहीं. त्याचा कापूस त्या दिवशीं पेठेंत होता, कीं दोन महिन्यांपूर्वींच गांवांत विकला गेला होता? आलेल्या पैशांतून पहिल्यानें कोणाचें देणें फिटलें? उरलेल्या पैशांत घरांत ज्वारी किती आली? या प्रश्नांचीं उत्तरें मिळाल्यावांचून त्या भावाला घरच्या दृष्टीनें अर्थ येत नाहीं. दीडशेंहून अधिक वर्षांत वऱ्हाडांतील कापसाचा बाजार कितीदां तरी पालटला. कायदे बदलले, मापें बदललीं, खरेदीदार बदलले. लहान शेतकऱ्याची अडचण मात्र एकच राहिली आहे. तो सर्वांबरोबर विकावयास येतो आणि सर्वांबरोबर घ्यावयास जातो. म्हणून विकतांना त्याला उतरता भाव मिळतो आणि घेतांना चढता भाव द्यावा लागतो. बाजाराच्या प्रत्येक नव्या व्यवस्थेची परीक्षा याच ठिकाणीं घेतली पाहिजे.

रेल्वे येण्यापूर्वीं वऱ्हाडांत कापूस होताच. परंतु तो घरच्या कामाचा एक भाग होता. वेचून आणलेला कापूस बायका हातरेच्यावर काढीत. सरकी गाईबैलांच्या दावणीला जाई, तिच्यांतलीच चांगली निवडून पुढच्या मृगासाठीं बी म्हणून राखून ठेवीत, आणि रुई गांवच्या पिंजाऱ्यांना, कांतणाऱ्यांना व कोष्ट्यांना लागे. उरलेली रुई बैलांच्या पाठीवर लादून तांडे थेट गंगाकांठच्या मिर्झापुरापर्यंत नेत. तो काळ सुखाचा होता असें समजण्याचें कारण नाहीं. सारा जबर होता, रस्ते नव्हते, आणि एका भागांत धान्य पडून असतां दुसऱ्या भागांत माणसें उपाशी मरत. परंतु दूरदेशच्या भावाची झळ वऱ्हाडांतील चुलीपर्यंत पोंचण्याची वाट अद्याप झालेली नव्हती.

ती वाट १८६१ सालीं उघडली. अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध जुंपलें, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईच्या व्यापाऱ्यांनीं मग हिंदुस्थानांत जेथें कापूस सांपडेल तेथून तो उचलला. भाव दुपटीवर, तिपटीवर गेले. शेतकऱ्यांनीं गाड्यांच्या चाकांना रुप्याच्या धावा बसविल्या, अशी त्या दिवसांची एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, चढत्या भावाच्या भरंवशावर सावकारांनीं हात सैल सोडून कर्ज दिलें आणि कुणब्यांनीं तें घेतलें, यांत शंका नाहीं. १८६५ च्या एप्रिलांत युद्धाचा शेवट दिसूं लागला. १ जुलै १८६५ हा मुंबईंत वायद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशीं व त्यानंतर मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्या पेढ्यांचीं नांवें इतिहासांत आलीं. चढत्या भावाच्या वेळचें कर्ज उतरत्या भावांत ज्यांना फेडावें लागलें त्यांचीं नांवें सावकारांच्या वह्यांत तेवढीं राहिलीं.

आगगाडी १८६७ सालीं नागपुरास पोंचली. १८७० सालीं खामगांवाला फांटा मिळाला, आणि तारायंत्रामुळें लिव्हरपूलचा भाव खामगांवच्या पेठेंत कळूं लागला. बाजार जवळ आला, असें त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीं मोठ्या समाधानानें लिहून ठेवलें आहे. तो व्यापाऱ्याच्या जवळ आला हें खरेंच. ज्याला तार वाचतां येत नव्हती व जिची वाट पाहण्याची सवडही नव्हती, त्याच्या दृष्टीनें बाजार जवळ आला नाहीं. बाजाराचा हात मात्र लांब झाला.

या लांब हाताचा प्रत्यय कापूस न पिकविणाऱ्यांनाही आला. पुणें जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यांतलें सुपें हें कांहीं कापसाची पेठ म्हणून प्रसिद्ध नव्हतें. परंतु कापसाच्या तेजीच्या वर्षांत सगळ्याच मालाचे भाव चढले होते, रेल्वेच्या कामांवर मजुरी चांगली मिळत होती, आणि त्यामुळें कुणब्याची पत वाढली होती. तेजी ओसरली, त्याच सुमारास नव्या पाहणींत साऱ्याचे दर वाढले, आणि सावकारांनीं उचल देणें आंखडतें घेतलें. १२ मे १८७५ रोजीं, बाजाराच्या दिवशीं, सुप्यास लोकांनीं सावकारांचीं घरें व दुकानें लुटलीं व कर्जरोखे जाळले. पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत दंगे पसरले. या दंग्यांत माणसांच्या जिवाला धक्का फार थोडा लागला. लोकांचा रोख कागदांवर होता. सरकारनें चौकशी मंडळ नेमलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कायद्याचा हेतु चांगला होता. परंतु सावकार सावध झाला आणि गहाणखताऐवजीं खरेदीखतच लिहून घेऊं लागला. नडलेल्या माणसाला कागदाचा मायना निवडण्याचें स्वातंत्र्य नसतें.

वऱ्हाडांतील सुधारणा दुसऱ्या बाजूनें सुरू झाली. तेथें प्रश्न पेठेंतील लबाडीचा होता, आणि ती लबाडी आज ऐकणाऱ्याला गमतीची वाटेल अशी होती. गाडी पेठेंत आली कीं दलाल व खरेदीदार रुमालाखालीं हात घालून एकमेकांचीं बोटें दाबीत आणि भाव ठरवीत. याला हत्ता म्हणत. मालाचा धनी शेजारींच उभा असे. परंतु आपला माल काय भावानें गेला हें दलाल सांगेल तेव्हां त्याला कळे. पुढें गाडी जिनिंगच्या आवारांत गेल्यावर, माल ओला आहे, यांत कवडी फार आहे, अशा सबबींवर ठरलेला भाव पुन्हा तुटे. सांज झालेली, बैल दिवसभराचे उपाशी, अर्धा माल गाडींतून उतरलेला. अशा वेळीं तो परत भरून नेणार कोण? शिवाय अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, गोरक्षण अशा नांवांनीं पट्टींतून रकमा कापल्या जात. धर्म व्यापाऱ्याचा आणि पैसा शेतकऱ्याचा, अशी ती सोय होती.

कारंज्याची पेठ १८८६ सालीं नियमांखालीं आली, आणि १८९७ सालीं वऱ्हाडाकरितां कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील बाजारनियमनाचा हा आरंभ होय. मुंबई इलाख्यांत कापूस बाजाराचा कायदा १९२७ सालीं आला. शेतीविषयक रॉयल कमिशननें १९२८ च्या अहवालांत अशा नियंत्रित पेठांचा जोरानें पुरस्कार केला. १९३९ सालीं मुंबईंत इतर शेतमालालाही तो नियम लागू झाला. आणि १९६३ च्या कायद्यानें सर्व महाराष्ट्रांत कृषि उत्पन्न बाजार समित्यांची आजची घडी बसली. उघड हर्रास, चोख वजन, ठरीव अडत व रोख चुकारा हीं त्यांचीं तत्त्वें आहेत. समित्यांच्या कारभारावर टीका पुष्कळ झाली आहे आणि तिच्यांत तथ्यही पुष्कळ आहे. तरी रुमाल गेला ही गोष्ट लहान मानूं नये. क्विंटलामागें दोन किलोंची कसर थांबली, तर दहा क्विंटल विकणाऱ्या घराला वीस किलो कापसाची किंमत वाचते. तेवढ्यांत एका मुलाच्या वह्यापुस्तकांची सोय होते.

परंतु कायद्याची हद्द पेठेच्या कुंपणापाशीं संपते, आणि शेतकऱ्याची नड तिच्या फार अलीकडे, गांवांतच, सुरू झालेली असते. ज्या अडत्याकडे कापूस घालावयाचा त्याच्याचकडून श्रावणांत उचल घेतलेली असते. माल नेला कीं ती वजा होते. दुसरीकडे न्यावा तर पुढच्या श्रावणीं दार बंद. मोठ्या शेतकऱ्याचें गाडीभाडें वीस क्विंटलांवर वांटलें जातें. लहानाच्या पहिल्या वेचणीचा माल दीड-दोन क्विंटल असतो, त्यासाठीं गाडी करणें परवडत नाहीं. मग दाराशीं येणारा खेडा खरेदीवाला जो भाव सांगेल तो पत्करावा लागतो. या माणसाला सरसकट लुटारू ठरविण्याची रीत आहे. ती थोडी सोपी आहे. तो दारांत येतो, लगेच रोकड देतो, सातबारा मागत नाहीं आणि ओलाव्याचें यंत्र बाहेर काढीत नाहीं. या चारही गोष्टींची किंमत तो भावांतून वसूल करतो. त्याला हटवावयाचें असेल तर त्या चार गोष्टी दुसऱ्या कोणीतरी दिल्या पाहिजेत.

आतां घरांत वळून पाहूं. पांच एकर कोरडवाहू जमिनीचें एक घर डोळ्यांपुढें आणावें. मृगाच्या आधीं बी आणि खत आणावयाचें, तें उधारीवर. निंदण-डवरणीची मजुरी रोख. श्रावण-भाद्रपदांत घरांतलें धान्य संपत आलेलें, आणि शेतांतून अजून एक पैसाही आलेला नाहीं. आश्विनांत बोंडें फुटतात. घरची बाई सीतादही करून पहिल्या वेचणीला हात घालते, आणि पंधरा दिवसांत दिवाळी येते. या पहिल्या कापसाला किती वाटेकरी टपलेले असतात! कृषि-सेवा केंद्राची उधारी, वेचणाऱ्यांची मजुरी, किराणा, मुलीला माहेरीं आणण्याचा खर्च. याच वेळीं सगळ्या जिल्ह्याचा कापूस पेठेंत लोटतो आणि भाव वर्षांतील खालच्या पायरीवर असतो. दोनतीन महिन्यांनीं भाव चढला तर तो चढ ज्याच्या खोलींत अजून कापूस आहे त्याचा. आणि तो बहुधा या घरचा नसतो.

पूर्वीं अशा घरांत एखाद-दोन एकर ज्वारी असे. तिची भाकर घरांत राही, कडबा बैलांना पुरे, आणि बाजार पडला तरी दोन वेळची चूल त्याच्यावांचून पेटे. कापसाच्या तेजीच्या प्रत्येक लाटेंत ज्वारीचें शेत थोडें थोडें आकसत गेलें. १९८० नंतर सोयाबीन आलें आणि त्यानें राहिलेली जागाही व्यापली. हिशेब कागदावर बरोबर होता. एकरी उत्पन्न नव्या पिकाचें जास्त होतें. परंतु ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर बैल गेले, आणि बैलांबरोबर शेणखत गेलें. या तिन्ही वस्तु घरांत होत्या तोंवर त्यांची किंमत कोणी मांडली नव्हती. त्या गेल्यावर ट्रॅक्टरचें भाडें, खताचें पोतें व धान्य हें सर्व रोखीनें घेणें आलें. म्हणजे कापसाचा भाव तोच राहिला तरी या घराचा बाजारांत गुंतलेला भाग वाढत गेला.

याचा भयंकर अनुभव वऱ्हाडास पूर्वीं येऊन गेला आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हीं दोन दुष्काळांचीं वर्षें. रुईनें श्रीमंत समजला जाणारा हा प्रांत. त्यांत पेठा होत्या, आगगाडी होती, बाहेरून धान्यही आणतां येत होतें. परंतु कापूस बुडालेल्या घराजवळ आणि मजुरी बुडालेल्या मजुराजवळ तें धान्य घ्यावयास पैसा नव्हता. १९०१ च्या खानेसुमारींत वऱ्हाडची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वींपेक्षां कमी भरली. पुढें १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत पाऊस चुकला नव्हता. कापसाचा भाव तेवढा कोसळला. सारा व व्याज मात्र जुन्या भावाच्या हिशेबानें द्यावें लागे. १९३३ सालीं मध्यप्रांतांत कर्जतडजोडीचा कायदा करावा लागला, यावरून त्या संकटाची कल्पना येते.

बाजाराच्या बदलांचा स्त्रियांवर झालेला परिणाम हिशेबांत बहुधा धरला जात नाहीं. जिनिंग कारखाने आले तेव्हां हातरेचा थांबला आणि घरबसल्या मिळणारें एक काम गेलें. सरकी कारखान्यांत राहिली. १९७० नंतर संकरित वाण आले. त्यांची सरकी पुढच्या वर्षीं पेरून तेंच पीक येत नाहीं, म्हणून बी राखण्याचें कामही संपलें. २००२ सालीं बीटी वाणांना परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ सगळें कपाशीचें बी पाकिटांतून येऊं लागलें. बोंडअळीचा त्रास प्रथम कमी झाला व उत्पन्न वाढलें, हें मान्य केलें पाहिजे. पुढें गुलाबी बोंडअळी त्या वाणांना दाद देईनाशी झाली, आणि बियाण्याच्या खर्चावर पुन्हा फवारणीचा खर्च चढला. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. घरच्या बाईच्या वांट्याला आतां वेचणी राहिली आहे. तीही तिच्या घरच्या शेतांत बिनमजुरीची, आणि दुसऱ्याच्या शेतांत किलोवर.

विक्रीच्या बाजूनें सर्वांत धाडसी प्रयोग स्वतंत्र महाराष्ट्र राज्यानें केला. १९७१ च्या कायद्यानें कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२ च्या हंगामापासून तिचें काम सुरू झालें. खाजगी व्यापाऱ्याला कापूस घेण्याची बंदी झाली. संकलन केंद्रावर हमीचा भाव ठरला, आणि सरकारी विक्रींत नफा झाल्यास त्याचा कांहीं भाग शेतकऱ्याला मिळावयाचा होता. दिवाळीच्या पडत्या भावाचा प्रश्न या योजनेनें खरोखर हातांत घेतला होता. तीस वर्षें ती चालली आणि कित्येक हंगामांत तिनें घरें सांवरलीं. परंतु ती एका राज्याच्या सीमेपुरती होती. बाहेर भाव चढला कीं कापूस रातोरात सीमेपार जाई. बाहेर भाव पडला कीं केंद्रांपुढें गाड्यांच्या रांगा लागत आणि तोटा सरकारच्या अंगावर येई. प्रतवारींत वशिला शिरला. चुकारे लांबले. चुकारा लांबला कीं लहान शेतकरी आपली पावती घेऊन पुन्हा सावकाराच्याच दारीं जाई, आणि ज्याच्यापासून सोडविण्यासाठीं योजना काढली त्याचेंच व्याज भरी. २००२ नंतर एकाधिकार सैल झाला व हळूहळू नाहींसा झाला.

त्याच सुमारास देशाच्या सीमाही सैल झाल्या होत्या. अमेरिकन सरकार आपल्या कापूस-शेतकऱ्यांना देत असलेल्या साहाय्यामुळें जगांतील भाव दबले, अशी तक्रार ब्राझीलनें जागतिक व्यापार संघटनेपुढें नेली व ती ग्राह्य ठरली; वऱ्हाडच्या शेतकऱ्याला त्या निकालानें एक पैसाही मिळाला नाहीं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांतील आत्महत्यांचा आंकडा वाढत गेला. २००६ सालीं पंतप्रधानांनीं या जिल्ह्यांसाठीं खास योजना जाहीर केली. २००८ ची कर्जमाफी देशभर झाली; परंतु ती संस्थांच्या कर्जापुरती होती, आणि संपूर्ण माफी पांच एकरांपर्यंतच्या धारकांना. खाजगी सावकाराचें देणें तिच्यांत बसत नव्हतें. कोरडवाहू सात एकरांचा धनी बागाईत दोन एकरवाल्यापेक्षां सुखी असतो, हें गृहीत कोणी कोठून काढलें, याचा उलगडा झालेला नाहीं.

तेव्हां लहान शेतकऱ्यानें थांबून विकावें, असा उपदेश करण्यांत येतो. २०२२ च्या आरंभीं कापसानें क्विंटलाला दहा हजारांच्यावर मजल मारली होती. त्यापूर्वींच विकून मोकळ्या झालेल्या घरांनीं तो भाव दुरून पाहिला. पुढच्या हंगामांत त्यांनीं तो धडा मनावर घेतला. उसनवारीनें दिवस काढले आणि कापूस घरांत भरून ठेवला. झोपण्याच्या खोलींत छतापर्यंत कापूस, त्यांतल्या किड्यांनीं मुलांच्या अंगाला खाज, आणि चुलीच्या ठिणगीची धास्ती, अशा स्थितींत कित्येक घरांनीं उन्हाळा काढला. २०२३ सालीं भाव दहा हजारांवर गेला नाहीं, उलट उतरला. थांबण्याला सुद्धां भांडवल लागतें, आणि अंदाज चुकला तर सोसण्याची ताकद लागते. धान्य गोदामांत ठेवून त्यावर तारण कर्ज काढतां येतें. कापूस अवजड, जागा खाणारा व आगीला भिणारा. त्याची रुई काढून गांठी बांधल्या तरच तो नीट टिकतो, आणि गांठी बांधणें लहान शेतकऱ्याच्या एकट्याच्या हातचें नाहीं. पन्नास-साठ घरांनीं मिळून जिनिंग करून घ्यावें, सरकी वांटून घ्यावी व रुई सावकाश विकावी, हा मार्ग आहे. त्याला पहिली उचल देणारी बँक हवी. ती जेथें मिळाली नाहीं तेथें अशा संस्था पहिल्याच दिवाळींत मोडल्या तर त्यांत नवल नाहीं.

२०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलाला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये ठरला. त्याच वर्षीं १९ ऑगस्टपासून परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठविण्यांत आलें. प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत, आणि मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेनें भारतीय मालावर जबर जकात बसविल्यामुळें कापडगिरण्या अडचणींत होत्या, आणि त्यांना स्वस्त रुई हवी होती. गिरणींत काम करणाराही गरीबच असतो, तेव्हां त्या मागणीला अन्याय म्हणतां येत नाहीं. परंतु सवलतीचे महिने नेमके वेचणीचे पडले. हमीभावानें घेणाऱ्या कापूस महामंडळाचें दार उघडें होतें. तेथें मोबाइलवर नोंदणी करावी लागे, पिकाची नोंद असलेला सातबारा लागे, आणि ओलावा शेंकडा आठपर्यंत असल्यास पुरा भाव, बारापर्यंत कपात, त्यापुढें माल परत. पहिल्या वेचणीचा कापूस दंवाचा आणि परतीच्या पावसाचा असतो. मक्त्यानें जमीन कसणाऱ्याच्या नांवावर सातबारा नसतो. नवऱ्यामागें शेत सांभाळणाऱ्या विधवेच्या नांवावर तो पुष्कळदां अजून चढलेला नसतो. या सर्वांचा कापूस दाराशीं उभ्या असलेल्या खेडा खरेदीवाल्याच्या कांट्यावर जातो. शुल्कमाफीची मुदत ३१ डिसेंबरला संपली. त्या तारखेपर्यंत अशा घरांत पहिल्या दोन वेचण्यांचा कापूस क्वचितच शिल्लक असतो.